अंगणातला पेरू

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मला फळझाडाविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी व्याख्याती नव्हे, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मातीशी रोजची गाठ आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्यातल्या एकीने विचारले होते, की न्यूझीलंडात घरोघरी फेजोआ नावाचे फळझुडूप लावतात, ते आपल्याकडे येईल का? हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ब्राझील-उरुग्वेकडचे. फळ हिरवे, अंड्याएवढे, अननसासारख्या वासाचे. पिकले की आपण होऊन खाली पडते, आणि ते वेचून घ्यायचे. फुलाच्या जाड पाकळ्यासुद्धा गोड लागतात. ऐकायला छान आहे. पण त्याला हिवाळ्याची चांगली थंडी हवी, आणि आपले वैशाखातले ऊन त्याला मानवायचे नाही. मग त्यासाठी हळहळायचे कशाला? त्याचा चुलतभाऊ आपल्या दारात आहेच. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी आणि हा फेजोआ, ही सगळी एकाच कुळातली. तेव्हा मी आज पेरूविषयीच बोलते.

पेरूही परदेशातूनच आला, पोर्तुगीजांच्या वेळी. पण आता त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही. राहात्याचे पेरू तर आपण सगळ्यांनीच नगर-मनमाड रस्त्यावर पाट्यांतून घेतलेले आहेत. त्यात जो मोठा, पांढऱ्या गराचा गोड पेरू असतो तो बहुधा सरदार. याचे जुने नाव लखनौ-४९. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या सरकारी फळबागेत डॉ. चीमा यांनी १९२७ साली ही जात निवडून काढली. पुढे तिला सरदार हे नाव मिळाले. घरासाठी हीच लावावी. मात्र खाल्लेल्या पेरूची बी टाकून नव्हे. बीचे झाड आईच्या गुणाचे निघेल याचा भरवसा नसतो आणि फळालाही उशीर लागतो. गुटीचे रोप दोन-तीन वर्षांत फळ देते.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तेवढाच खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, मग शेणखत आणि माती भरून पावसाच्या तोंडाला रोप लावावे. आपली माती काळी, पाणी धरून ठेवणारी; म्हणून बुंध्याशी माती थोडी उंच चढवावी, म्हणजे पाणी साचत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाट आले आणि आपला मुलूख हिरवा झाला, हे खरेच. पण पाण्याचा अतिरेक झाला तिथे रानांत पांढरे मीठ फुटले, हेही आपल्या माणसांनी पाहिले आहे. तीच गोष्ट अंगणात छोट्या प्रमाणावर होते. मोरीचे सगळे पाणी झाडाला सोडले की काम झाले, असे पुष्कळजणी समजतात. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र नको. सोड्याने काळी माती बसते, दगडासारखी होते आणि मुळांचा श्वास कोंडतो. पेरू चिवट आहे, चुनखडीही सोसतो, पण सोसतो म्हणून किती छळायचे!

आता पाण्याच्या टंचाईविषयी. "उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही, झाडाला कुठून घालू?" असे म्हणून कितीतरी घरांत झाड लावतच नाहीत. भगिनींनो, वाढलेल्या पेरूला एप्रिल-मे मध्ये पाणी तोडायचेच असते. पाने पिवळी पडतात, गळतात, घाबरू नये. झाड विश्रांती घेत असते. मेअखेर आळे खणून, दोन-तीन पाट्या शेणखत घालून पाणी द्यावे. मृगाच्या पावसाबरोबर नवी फूट येते, तिच्यावर फुले धरतात आणि फळ थंडीत हाती येते. याला मृग बहार म्हणतात. थंडीतले फळ गोड, घट्ट आणि किडीपासून बरेच सुरक्षित. पावसाळ्यात येणारे फळ पाणचट, आणि त्यात हटकून अळी. रोप लहान असताना मात्र उन्हाळ्यात तांब्या-दोन तांबे पाणी आणि बुंध्याशी पाचटाचे आच्छादन हवेच.

पेरूला फूल नव्या फुटीवरच येते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून फळे काढून झाली की शेंडे छाटायला हात आखडू नये. छाटलेले झाड बुटके राहते, शिडी लागत नाही, शेजाऱ्यांच्या भिंतीवर फांदी जात नाही आणि भांडणही होत नाही.

अळी होते ती फळमाशीमुळे. ती सालीखाली अंडी घालते. पडलेली, किडकी फळे तशीच राहू दिली तर अळी मातीत उतरते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. म्हणून ती रोज वेचून खोल पुरावीत. फळ लिंबाएवढे झाले की जुन्या पातळ कापडाची पिशवी बांधावी. पोपटांपासूनही राखण होते. पोरांपासून राखण कशानेच होत नाही.

हे सगळे कष्ट कशासाठी, ते सांगते. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चौपन्न बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे या सतरंजीवर बसलेल्या निम्म्याजणी. आपण बाजरी खातो, मेथी खातो, त्यात लोह असते. पण धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला जेवणात क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते, संत्र्याच्या चौपट. म्हणून पेरू जेवणाबरोबर खावा, कच्चाच. मीठ, गूळ, मिरची घालून कोशिंबीर करावी. जेली चवीला झकास होते, पण उकळताना हे सत्त्व पुष्कळसे जाते. आणि जेवणावर लगेच चहा नको. तो लोहाला अडवतो. रक्त फार कमी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, पेरूवर भागणार नाही.

विकत आणलेले फळ आधी पाहुण्यांना, मग घरच्या पुरुषांना, मग मुलांना. उरलेली फोड, तीही काळी पडलेली, आपली. ही आपल्या घरांची रीत मी कोणाला नव्याने सांगायला नको. दारच्या झाडाचे तसे नसते. कपडे वाळत घालता घालता हात वर केला की एक तोडून, पदराला पुसून, उभ्या उभ्या खाता येतो. सूनबाईलाही तोडू द्यावा, विचारायला लावू नये.

ज्यांचे अंगण फरशीने पूर्ण झाकले आहे त्यांनी कोपऱ्यातल्या चार फरश्या काढाव्यात. तेवढी जागा पुरते. आषाढात मी माझ्या झाडावर गुट्या बांधणार आहे. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओले शेवाळ लावायचे, प्लॅस्टिकने घट्ट बांधायचे. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसतात. वीसेक रोपे होतील. ज्यांना हवी असतील त्यांनी हळदीकुंकू झाल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहावे, आणि ज्यांना गुटी बांधायला शिकायचे असेल त्यांनी पुढे तशी खूण करावी.