सरकी कुणाची, डोळे कुणाचे?

पांढुर्णा-सौंसरच्या श्रोत्यांपुढे बौद्धिक संपदेवर बोलायचं तर कपाशीपासूनच सुरुवात करावी. २००२ साली बीटीच्या संकरित वाणांना परवानगी मिळाली आणि घरची सरकी राखून पेरायची रीत मोडत गेली. दरवर्षी नवं पाकीट! त्याला पर्याय म्हणून नागपुरात वर्धा रोडवर असलेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीचं वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी मिळून ‘बिकानेरी नरमा बीटी’ काढला. हा सरळ वाण. सरकी राखा, पुढच्या खरिपात पेरा. २००८ ला मंजुरी मिळाली, २००९ ला विक्री झाली आणि लगेच बंदही पडली. कारण या बियाण्यात ‘मॉन-५३१’ निघालं, म्हणजे मोन्सॅन्टो कंपनीच्या ‘बोलगार्ड’ या बीटीची खूण.

गंमत अशी, की त्या पहिल्या बोलगार्डचं भारतात पेटंटच नव्हतं. पेटंटभंगाचा दावा लागायची भीती नव्हती, तरी वाण गेला. भेसळ झाली कुठे हे शोधायला शास्त्रज्ञ सुधीर सोपोरींची समिती बसवावी लागली, अहवाल यायला २०१२ उजाडलं. माझ्या मते सामायिक संशोधनात पेटंटच्या आधी वही येते. कुणी काय आणलं, कुणाच्या शेतावर वाढवलं, कुणी तपासून सही केली. विहीर सामायिक असेल तर पाण्याच्या पाळ्या आपण आधीच ठरवतो ना? करारही तसाच, काम सुरू व्हायच्या आधीचा.

आता संत्रा. तुमच्या बागेत एखादं झाड कमी बियांचं फळ देतं. संशोधक येतात, डोळकाड्या कापून नेतात, जंबेरीच्या खुंटावर डोळे भरतात. इथे तुम्हीही भागीदार झालात, पण कागदावर? २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम १८ प्रमाणे नोंदणीच्या अर्जात मूळ सामग्री कुठून घेतली आणि शेतकऱ्याचा वाटा काय, हे लिहावं लागतं. कलम २६ खाली लाभातला हिस्साही मागता येतो. मागायचा तर पुरावा हवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचं एचएमटी धान कृषी विद्यापीठाने १९९४ ला प्रयोगासाठी नेलं. १९९८ मध्ये ते ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून बाहेर आलं. श्रेयासाठी दादाजींना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

तेव्हा नागपूरहून कुणी येवो की जबलपूरहून, चहा जरूर पाजा, पण डोळकाडी कापण्याआधी दोन प्रतींत पावती करा. तारीख, खसरा नंबर, झाड कोणतं, काड्या किती, कशासाठी नेल्या, दुसऱ्याला देता येतील का, वाण निघाला तर नाव आणि हिस्सा कुणाचा. पावती हिंदीत असली तरी चालेल, सही मात्र दोघांची हवी.