जपानी कर्ज आणि अजिंठ्याचीं लेणीं

आमच्या माजिवड्याच्या नाक्यावरून नाशिकचा रस्ता फुटतो. सुटीच्या दिवसांत वेरूळ-अजिंठ्यास निघालेल्या मोटारी येथूनच जातात. त्या प्रवाशांच्या खिशांतला पैसा शेवटीं कोणाच्या घरीं पडतो, एवढाच आज प्रश्न आहे.

अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलीं. आसपासच्या रहिवाशांना तीं आधींच ठाऊक होतीं, हें आपण सोयीस्करपणें विसरतों! १९८३ सालीं जागतिक वारशांत त्यांची गणना झाली. पुढें १९९२ व २००३ सालीं ह्या परिसराच्या विकासासाठीं जपानकडून द्रव्य मिळालें. लोक त्यास मदत म्हणतात. वस्तुतः तें दीर्घ मुदतीचें कर्ज. व्याज हलकें खरें, परंतु पाहुणे येवोत वा न येवोत, हप्ता चुकत नाहीं.

ह्या पैशांतून रस्ते सुधारले, झाडें लागलीं, विमानतळ वाढला. खासगी मोटारींच्या धुरानें चित्रांस अपाय होऊं नये म्हणून त्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फांट्यावर थांबविल्या व तेथून बसगाड्या सुरू केल्या. लेण्यांपाशीं स्फटिक नि रंगीत दगड विकणाऱ्यांना दुकानें फांट्यावर न्यावीं लागलीं. माणसाचें बस्तान हलविणें सोपें नसतें. तरी पाहुण्यास बस गाठण्यापूर्वीं त्याच दुकानांतून जावें लागतें, ही योजना मला शहाणपणाची वाटते.

दुसऱ्या टप्प्यांत तेथें एक भव्य अभ्यागत केंद्र उभें राहिलें. आंत चार लेण्यांच्या प्रतिकृती. परंतु वीज व पाणी ह्यांचीं देयकें थकलीं आणि तें बंद ठेवण्याची पाळी आली. इमारत बांधावयास कर्ज मिळालें. दिवा लावावयास कोणीं द्यावें, हें मात्र ठरलें नव्हतें. दगड विकणाऱ्याच्या पाटीला एवढा खर्च लागत नाहीं.

गोव्याची तऱ्हा निराळी. तेथें पाहुणेच परदेशी कंपनीच्या विमानानें येत. सप्टेंबर २०१९ मध्यें टॉमस कुक ही विलायती कंपनी बुडाली, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर किनाऱ्यावरील टॅक्सीवाले व खाणावळवाले चिंतेंत पडले. त्यांचा दोष काय?

म्हणून पुढल्या करारांत इमारतीच्या खर्चाबरोबर निदान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी, आणि तिकिटांच्या उत्पन्नांतील फर्दापूरच्या ग्रामपंचायतीचा वाटा कागदावर आधीं लिहिलेला असावा, अशी माझी सूचना आहे.