आठ ट्रान्झिस्टरांचा रेडिओ



धारवाडला आमच्या घरी तपकिरी चामडी कव्हरातला एक रेडिओ होता. पाठीवर दिमाखात छापलेलं: आठ ट्रान्झिस्टर. आम्ही रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचो. आवाज खोल गेला की आजी सेल काढून उन्हात ठेवायची. संध्याकाळच्या बातम्यांपुरती त्यांच्यात धुगधुगी यायची.

१९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप आली, तिच्यात २३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३च्या आयफोनमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १९०० कोटी आहेत, आणि चिप अंगठ्याच्या नखाएवढी. तिला ‘तीन नॅनोमीटरची’ म्हणतात. ते पिढीचं नाव झालं, पट्टी लावून घेतलेलं माप नव्हे.

पण यात एक गोम आहे. आकडेमोड करणारा भाग लहान करावा तेवढा फायदाच. वेग वाढतो, वीज वाचते. आवाज, उष्णता, नाडी यांना मात्र शून्य-एकाची भाषा येत नाही. माइकातून निघणारा तरंग व्होल्टच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागतो. तो पकडायचा, वाढवायचा आणि मग त्याचे आकडे करायचे, हे काम अ‍ॅनालॉग भागाचं. ट्रान्झिस्टर फार बारीक केले की शेजारचे दोनसुद्धा एकसारखे निघत नाहीत. वीजदाबही व्होल्टभराच्या खाली आलेला, त्यामुळे तरंगाला हातपाय पसरायला जागा उरत नाही.

आपल्या हुबळीने नेमकं हेच किचकट काम धरलं. विवेक पवार यांची संकल्प सेमीकंडक्टर ही कंपनी २००५ साली इथे उभी राहिली, ती अ‍ॅनालॉग आणि मिश्र, म्हणजे अ‍ॅनालॉग व आकडेमोड दोन्ही करणाऱ्या, चिपांचे आराखडे करण्यासाठी. २०१९ मध्ये ती एचसीएलने घेतली. आराखडा इथला, चिप घडवणारा कारखाना दुसरीकडचा, अशी या धंद्याची रीत.

अशाच चिपांच्या जोरावर रक्तातली साखर मोजणारी चकती दंडावर चिकटवून लोक आताच हिंडू लागलेत. उद्या काळ्या रानातली ओल सांगणारी खुंटी कापसाच्या सरीत दिसेल. तिला तीन नॅनोमीटर कशाला हवेत? जुन्या, जाडसर पिढीची चिप पुरते. एका सेलवर हंगाम निघाला म्हणजे झालं.

मावशीच्या कानातलं यंत्र शेंगेएवढं आहे. परवा म्हणाली, “कुकरची शिट्टी केवढ्यानं ऐकू येते रे, आणि सुनेचं बोलणं काही कळत नाही.” मी म्हटलं, नको तो आवाज दाबून हवा तेवढाच उचलणाऱ्या चिपा आणखी सुधारतायत.

“मग शिट्टीचं तेवढं बघ,” ती म्हणाली. “सुनेचं राहू दे.”