फिरतें, पण पेटत नाहीं

पावसाळ्याचे चार महिने घरीं उभी असलेली जुनी मोटार दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढावी, किल्ली फिरवावी, आणि इंजिन घरघरत फिरत राहावें पण पेट घेऊं नये, हा अनुभव ज्या श्रोत्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांना नवा नाहीं. इंजिन मुळींच फिरत नसेल तर प्रश्न त्या मानानें सोपा असतो. दोष बहुधा बॅटरींत, तिच्या तारांत किंवा सेल्फमध्यें सांपडतो. फिरणारें आणि तरीहि न पेटणारें इंजिन मात्र मालकाला भुलवितें. आणखी एकदां किल्ली दाबली कीं चालू होईल अशी आशा तें दाखवितें, आणि त्या आशेपायीं बॅटरी संपून जाते.

पुण्यांतील एका गृहस्थांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आश्विनांत अशीच अडून बसली. मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ सालापासून फियाट अकराशे डिलाइट या नांवानें होऊं लागलेली ही गाडी पुढें पद्मिनी या नांवानें घरोघर पोंचली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. या गृहस्थांची गाडी त्यांच्या वडिलांनीं घेतलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते व त्यासाठीं गाडी तपासणीस उभी करावी लागते. ती मुदत बारा दिवसांवर आली होती. गृहस्थांनीं एका आठवड्यांत नवे प्लग बसविले, नवी कॉइल घेतली, शेवटीं नवी बॅटरीहि घेतली. गाडी होती तेथेंच राहिली. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता. त्याला होकार देण्यापूर्वीं एकदां विचारावें म्हणून त्यांनीं एका वृद्ध मिस्त्रींना घरीं बोलाविलें. या मिस्त्रींचा सारा जन्म कुर्ल्याकडे टॅक्सी दुरुस्त करण्यांत गेला होता.

मिस्त्री आले तेव्हां गृहस्थ सेल्फ मारीतच होते.

"साहेब, किल्ली काढून घ्या आधीं," मिस्त्री म्हणाले. "हिला बोलायला अवधि तरी द्या."

सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर विद्युत्प्रवाह ओढतो. तो एका वेळीं आठ-दहा सेकंदांपेक्षां अधिक मारूं नये, आणि मध्यें अर्धा मिनिट तरी थांबावें. थांबण्याचें दुसरेंहि एक कारण आहे. प्रत्येक फेऱ्याबरोबर न जळलेलें पेट्रोल सिलिंडरांत जात राहतें, प्लग भिजतात, आणि मूळ दोष दूर झाल्यावरहि ते भिजलेले प्लग इंजिनाला पेटूं देत नाहींत.

इंजिनाला पेट घेण्यासाठीं हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल लागतें, तें दाबलें जावें लागतें, आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडावी लागते. यांपैकीं दाब जाण्याचें दुखणें सहसा एका रात्रींत उद्भवत नाहीं. सेल्फ मारतांना इंजिनाचा आवाज तालांत, जोर लागून लागून येत असेल, तर दाब आहे असें धरून चालावें. आवाज एकाएकीं हलका होऊन इंजिन भरभर फिरूं लागलें तर मात्र आंतील साखळी तुटल्याचा संशय घ्यावा. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून सेल्फच्या वेळीं रोटर फिरतो कीं नाहीं तें पाहिलें म्हणजे हा संशय लगेच फिटतो. येथें ताल ठीक होता आणि रोटरहि फिरत होता. उरले पेट्रोल आणि ठिणगी.

मिस्त्रींनीं एक प्लग काढला. तो ओला होता. प्लग कोरडा निघाला असता तर शोध टाकी, नळी, पंप व कारबुरेटर यांच्या दिशेनें न्यावा लागला असता. तो मार्गहि आजकाल उपेक्षा करण्याजोगा नाहीं, कारण २०२५ सालापासून देशांतील पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि अशा इंधनासाठीं न केलेल्या जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्यानें बिघडूं शकतात. महिनोगणती उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकींत तें भरून ठेवणें शहाणपणाचें नाहीं. असो. येथें पेट्रोल सिलिंडरांत येत होतें, पण जळत नव्हतें.

मग ठिणगीची परीक्षा. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी मधली जाड तार झांकणांतून काढून कोरड्या लांकडी चिमट्यानें धरली, तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडापासून पांच-सहा मिलिमीटरांवर ठेवलें, आणि सेल्फ मारला. निळी, कडकडणारी ठिणगी यावयास हवी होती, आली नाहीं. ही परीक्षा सेल्फ चालू असतांनाच करणें बरें, कारण त्या वेळीं बॅटरीचा दाब बारा व्होल्टवरून बराच खालीं येतो, आणि एरवीं चांगली दिसणारी ठिणगी तेव्हांच नेमकी दुबळी पडते. मात्र आसपास पेट्रोल सांडलेलें नसावें, गाडी न्यूट्रलमध्यें असावी, आणि तार उघड्या हातांत कधींहि धरूं नये.

कॉइल बदलली असतांहि ठिणगी नाहीं, याचें गृहस्थांना नवल वाटलें. वस्तुतः कॉइल एकटी कांहींच करीत नाहीं. तिच्या आंतील थोड्या वेढ्यांतून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो. तो एकाएकीं तोडला म्हणजे दुसऱ्या, हजारों वेढ्यांच्या तारेंत क्षणभर कित्येक हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. प्रवाह जोडण्या-तोडण्याचें हें काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट नांवाची लहानशी जोडी करते. सेल्फनें इंजिन फिरत असतां ती सेकंदाला चार-पांच वेळां उघडते. गाडी भरधांव असतां, मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर, सेकंदाला शंभर वेळां. ही पद्धति अमेरिकेंतील डेटन गांवच्या चार्ल्स केटरिंग यांनीं बसविली आणि ती कॅडिलॅक गाडींत १९१० च्या सुमारास आली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें त्यांचाच विजेचा सेल्फहि होता. त्यांच्या कंपनीचें आद्याक्षरी नांव डेल्को. आपल्याकडील कारागीर डिस्ट्रिब्यूटरला आजहि डेल्को म्हणतात, तो शब्द डेटनहून कुर्ल्यापर्यंत आला आहे हें त्यांच्या ध्यानींमनींहि नसतें.

मिस्त्रींनीं खिशांतून तारा जोडलेला एक लहान दिवा काढला. त्याचें एक टोंक कॉइलच्या डेल्कोकडील खिळीला व दुसरें इंजिनाच्या लोखंडाला लावून सेल्फ मारावयास सांगितलें. पॉइंट जुळले कीं हा दिवा विझतो, उघडले कीं लागतो. म्हणून सर्व ठीक असेल तर तो लुकलुकतो. दिवा मुळींच लागला नाहीं तर एक तर कॉइलपर्यंत वीज पोंचत नाहीं, नाहीं तर पॉइंट किंवा कंडेन्सर कायमचा लोखंडाला भिडला आहे असें समजावें. येथें दिवा लागला तो लागलाच, लुकलुकला नाहीं. म्हणजे वीज कॉइलमधून पुढें येत होती, पण पॉइंट प्रवाह जोडीतच नव्हते.

झांकण पुन्हां उघडलें. पॉइंट एकमेकांना टेकत होते, पण त्यांच्या तोंडावर चार महिन्यांच्या दमट हवेनें पांढुरका थर धरला होता. डोळ्यांना तो दिसेल न दिसेल इतका पातळ; बारा व्होल्टांना तेवढा पुरतो. मिस्त्रींनीं बारीक कानशीनें तोंडें घासलीं, स्पिरिटांत भिजविलेला जाड कागद त्यांतून ओढून घेतला, आणि पट्टीनें अंतर लावलें, अर्ध्या मिलिमीटरहून थोडें कमी. तोंडें काळींनिळीं जळालेलीं असतीं तर कंडेन्सरहि बदलावा लागला असता. आतां दिवा लुकलुकूं लागला, आणि जाड तारेच्या टोंकाशीं निळी ठिणगी कडाडली.

गृहस्थांनीं आनंदानें किल्ली फिरविली. इंजिन दोनदां खोकलें, कारबुरेटरमधून एक फटका निघाला, आणि पुन्हां सारें शांत.

येथवर आलेला मनुष्य बहुधा धीर सोडतो. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, मग आणखी काय हवें? हवी होती ती वेळ. मिस्त्रींनीं प्लगच्या चार तारा बोटानें एक एक करून मागें डेल्कोपर्यंत नेल्या आणि विचारलें, "प्लग बदलतांना तारा कोणीं काढल्या होत्या?"

"मींच," गृहस्थ म्हणाले. "पण क्रमानें लावल्या आहेत. एक, दोन, तीन, चार."

"साहेब, ही एक, तीन, चार, दोन अशी पेटते."

झांकणाभोंवतीं तारा ओळीनें लावल्यामुळें केवळ पहिल्या सिलिंडरला ठिणगी वेळेवर मिळत होती. तिसऱ्याची ठिणगी दुसऱ्यांत पडे, तीहि त्याची आंत हवा घेण्याची झडप उघडूं लागली असतां. म्हणून कारबुरेटरमधून तो फटका. मूळ दोष पॉइंटवरच्या थराचा होता. दुसरा दोष दुरुस्तीच्या घाईनें आणला होता, आणि पहिला कायम असेतों तो दिसण्याचा संभवच नव्हता. नवी कॉइल, नवी बॅटरी यांचा खर्च या दोहोंपैकीं एकालाहि लागू पडला नसता.

तारा जागच्या जागीं गेल्या. प्लग काढून पुसून उन्हांत ठेवले. पुन्हां बसविल्यावर चोक न ओढतां पेट्रोलचें पायदळ पूर्ण दाबून धरण्यास सांगितलें, म्हणजे हवा भरपूर जाऊन आंतला ओलावा निघून जावा. सातव्या कीं आठव्या सेकंदाला इंजिन पेटलें. आधीं दोन सिलिंडरांवर लंगडत, मग चारींवर.

मिस्त्रींनीं जुनी कॉइल परत लावून दिली, झांकणावर पांढऱ्या रंगानें चार आंकडे काढले, आणि नवी कॉइल वेळप्रसंगासाठीं खोक्यांत घालून डिकींत ठेवावयास सांगितली. गाडी दहाव्या दिवशीं तपासणीस गेली, ती आपल्या चाकांवर. भंगारवाल्याचा दोनदां फोन येऊन गेला.