धूळवाफेची पेरणी



वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठावरच्या या चिपळुणात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. हवामान बदलावरची परिषद ऐन मे महिन्यात कशाला, असे काहींनी विचारले. उकाडा आहे, आंब्याची घाई आहे, हे खरेच. पण रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे, आणि आपण दोन दिवस ज्यावर बोलणार आहोत ते आमचा शेतकरी याच दिवसांत शेतात करत असतो.

आमच्याकडे धूळवाफेची पेरणी करतात. जमीन ठणठणीत कोरडी असते, आभाळात ढग नसतो, आणि तरी भाताचे बी मातीत पडते. पाऊस कोणत्या दिवशी येईल हे पेरणाऱ्याला ठाऊक नसते. तो येऊन मध्येच दडी मारतो आणि रोप करपते, हेही त्याने पाहिलेले असते. म्हणून तो थोडे बियाणे मागे ठेवतो. पेरायचे मात्र थांबत नाही. खात्री पटेपर्यंत थांबला तर लावणी मागे पडते आणि वर्षाचा भात हातचा जातो. आगोटीचेही तसेच. यंदा किती इंच पाऊस पडणार हे कळल्यावर घर शाकारू, असे कोणी म्हणत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझे कापडाचे दुकान बाजारपेठेत आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढले, तिथे आम्ही भिंतीवर रेघ मारून ठेवली. पुढची सोळा वर्षे त्या रेघेच्या हातभर वर फळ्या ठोकून माल ठेवला आणि निर्धास्त झालो. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या रेघेवरून गेले, फळ्यांवरूनही गेले. याच गावातल्या, १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके दोन्ही पुरांत भिजली. मी तयारी केली नव्हती असे नाही. मी गेल्या पुराची तयारी केली होती.

२०२१ च्या पुराचे खापर मी एकट्या हवामान बदलावर फोडणार नाही. नदीतला गाळ, भरतीची वेळ, पात्रात घुसलेली बांधकामे, सगळ्यांचा त्यात वाटा होता. कोणाचा किती, यावर अभ्यासकांनी इथे जरूर वाद घालावा. पण अनिश्चितता म्हणजे कदाचित काहीच होणार नाही, असा सोयीचा अर्थ आपण लावतो. माझ्या भिंतीवर तिचा दुसरा अर्थ उमटलेला आहे. अंदाज चुकतो तेव्हा तो वरच्या बाजूलाही चुकतो.

विज्ञानातले पक्के काय आणि कच्चे काय, हेही वेगळे करून पाहिले पाहिजे. कोळसा जाळून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो, हा हिशेब स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ मध्येच मांडला. हवाई बेटांवरच्या मौना लोआ केंद्रात १९५८ पासून मोजणी चालू आहे. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आता ४२० च्या वर गेला आहे. हे पक्के. हे प्रमाण दुप्पट झाले तर तापमान नेमके किती वाढेल, हे कच्चे. १९७९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या समितीने दीड ते साडेचार अंश म्हटले. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात ते अडीच ते चार झाले. बेचाळीस वर्षांच्या अभ्यासाने वरचे टोक अर्धा अंश खाली आणले आणि खालचे टोक पूर्ण एक अंश वर नेले. थोडक्यात निभावेल, ही आशाच आधी खुडली गेली.

अपुऱ्या माहितीवर जगाने कधी पाऊल उचललेच नाही, असेही नाही. अंटार्क्टिकावर ओझोनचे छिद्र दिसल्याची बातमी १९८५ ची, आणि मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा. छिद्राच्या कारणांवरचा वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता. पहिला करार बेताचाच होता, पुरावे येत गेले तसा तो कडक करत नेला. पेरलेही, आणि बियाणे राखूनही ठेवले.

कोकणाने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपला मोठा. स्वागताध्यक्ष म्हणून एक हट्ट मात्र धरतो. खाडीकाठचे कांदळवन राखणे, नदीला तिची जागा मोकळी ठेवणे, दरड उतरू शकेल अशा वाड्यांतली माणसे मुसळधार पावसाआधी हलवणे, ही कामे अंदाज थोडा चुकला तरी वाया जाणारी नाहीत. २०२१ च्या त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातले तळीये डोंगराखाली गेले. तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांच्यासाठी आता कोणताही अभ्यास उपयोगाचा नाही.

परिषदेच्या ठरावात ‘अधिक संशोधन व्हावे’ हे वाक्य जरूर असू द्या, पण त्याखाली काम कोणते, ते कोणी करायचे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहिल्याशिवाय कृपा करून उठू नका. सोयींत काही उणे राहिले असेल तर सांभाळून घ्यावे. अध्यक्ष महोदयांना मी विनंती करतो की त्यांनी सूत्रे हाती घेऊन परिषदेच्या कामाला सुरुवात करावी.