कुंकवाच्या करंड्यावर हक्क कुणाचा?

(यवतमाळ येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



'प्राचीन काळातील सौंदर्यप्रसाधने' हा माझा विषय फळ्यावर वाचून काहीजणी हसल्या. पोटगी, हुंडा, सातबाऱ्यावरचं नाव हे सगळं सोडून ही बाई अत्तर-काजळाचं काय सांगणार? पण हा विषय मी मागून घेतला आहे. का, ते आधी सांगते.

गेल्या संक्रांतीला एका गावात आपल्या गटाचं हळदी-कुंकू होतं. ताटातली हळद गटाच्या खजिनदार बाईंनी स्वतः दळून आणली होती. हिशेब चोख, बँकेत एकटी जाणारी बाई. तीन वर्षांपूर्वी कर्जापायी तिच्या नवऱ्याने औषध घेतलं. ताट फिरायला लागलं तशी ती उठून दाराशी जाऊन बसली. मी करंडा घेऊन गेले तर म्हणाली, "ताई, मले राहू द्या." तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नाही. आणि मी, तुम्हांला समतेवर भाषणं देणारी, करंडा मिटून परत आले.

त्या रात्री झोप लागली नाही. करंड्यात जे असतं ते मुळात कुणाचं, हे शोधावं म्हणून वाचायला बसले.

इजिप्तमध्ये काजळ बाया घालत, तसे पुरुषही घालत. अंगाला लावायचं तेल ही तिथे चैन नव्हती, मजुरीचा भाग होता. सुमारे ३१५० वर्षांपूर्वी, तिसऱ्या रामसेस राजाच्या काळात, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी मजुरी थकली म्हणून काम बंद पाडलं. आज माहीत असलेला हा सर्वांत जुना संप. भुकेबरोबर त्यांनी आणखी तक्रार लिहवून घेतली : कपडा नाही, मासळी-भाजी नाही, अंगाला तेल नाही. उपाशी मजुराने तेल हक्क म्हणून मागितलं, हे लक्षात ठेवा.

जवळपास त्याच काळातल्या, इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या, असिरियातल्या एका मातीच्या पाटीवर तप्पूती नावाच्या बाईची नोंद आहे. राजवाड्यासाठी सुगंधी द्रव्यं करण्याचं काम तिच्याकडे होतं. फुलं आणि तेलं उकळून, गाळून सुगंध काढण्याची कृती तिच्या नावावर आहे. ही जाणकार बाई होती, कुणाची नटवी बाहुली नव्हती.

आपल्याकडेही हे मोठं शास्त्र होतं. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून आणि त्यांची प्रमाणं बदलून १,७४,७२० सुगंध होतात, असा त्याचा हिशेब आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी या शास्त्राच्या जुन्या पोथ्या शोधून काढल्या. त्यांतल्या 'गंधवाद' या ग्रंथावर चक्क मराठीत टीका आहे.

पण हे वाटायचं कुणी? अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री झाली, म्हणजे राणीचे केस विंचरणारी, उटणी वाटणारी दासी. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आरशात पाहणारी राणी आहे. सगळे तिच्याकडे बघतात. तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेऊन उभ्या असलेल्या बायांकडे कोण बघतं? श्रम एकीचे आणि शृंगार दुसरीचा, ही वाटणीही जुनीच आहे.

हे लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचं वाशीम. दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनची. तिथे प्रभावतीगुप्ता ही राणी विधवा झाली, मुलगा लहान होता, तेव्हा राज्याचा कारभार तिने पाहिला. दानाचे ताम्रपट तिच्या नावाने निघाले. आपल्याच विदर्भात, सोळाशे वर्षांपूर्वी!

मग धर्मशास्त्रकारांनी विधवेला काय सांगितलं? काजळ नको, गंध नको, विडा नको. जी अंगाची साधी गरज होती, ती नवरा जिवंत असल्याची पावती झाली. पावती फाटली की बाई बाजूला. बायको वारलेल्या पुरुषाला यातलं काहीच का लागू नाही, हा सवाल बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारला. त्याला आता एकशे चाळीस वर्षं उलटून गेली.

उत्तरं मिळायला लागली आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये इथे यवतमाळलाच साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झालं. व्यासपीठावर जी चालते, ती ओसरीवर का चालत नाही?

माझ्या बोलण्याचा अर्थ सगळ्यांनी कुंकू लावावं असा नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते विचारपूर्वक सोडलं आहे. लावणं आणि न लावणं, दोन्ही जिचं तिने ठरवावं, एवढंच म्हणणं आहे. आणि नुसत्या कुंकवाने भागत नाही. त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं काम माझ्या डायरीत अजून बाकी आहे, ते आधी.

कुंकू कशाचं होतं, हे तुम्हांला माहीत आहे. हळदीला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी दिली की ती लाल होते. त्या ताटातली हळद तिच्या हातची होती. तिची हळद चालते आणि ती चालत नाही, हा कुठला न्याय?

येत्या संक्रांतीला ताट देवघरापासून नको, दारापासून फिरवायला सुरुवात करू. जी दाराशी बसली असेल तिला आधी विचारू. नको म्हणाली तर तिच्या शेजारी बसू. मागच्या वेळी मी परत फिरले, ते आता करणार नाही.