पत्त्यावरून पारख

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आज ईमेलवांचून पान हालत नाहीं. परंतु आपण लिहिलेलें पत्र आपल्या घरून थेट मित्राच्या घरीं जात नाहीं, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. तें प्रथम एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातें, आणि ती कंपनी तें पुढें पोंचविते. एखाद्यानें हा मध्यस्थ दूर सारून आपल्याच घरीं सर्व्हर मांडला आणि तेथून पत्रें धाडलीं, तर तीं बहुधा उंबरठ्यावरूनच परत फिरविलीं जातात. पत्रांत कांहीं वावगें असतें म्हणून नव्हे. तीं घरगुती जोडणीवरून आलीं, एवढ्याच कारणास्तव. हा न्याय आहे कीं अन्याय, याचा आज आपण विचार करूं.

माझा एक जुना विद्यार्थी बदलापुरास राहतो आणि अंबरनाथच्या कारखान्यांना लहानसहान सुटे भाग पुरवितो. आपल्या धंद्याचा पत्रव्यवहार परक्याच्या कोठारांत कां ठेवावा, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें स्वतःचें डोमेन घेतलें, घरीं एक संगणक रात्रंदिवस चालूं ठेवला आणि त्यावरून दरपत्रकें पाठविलीं. तीं परत आलीं. सोबत इंग्रजींत दोन ओळी होत्या, त्यांचा भावार्थ असा कीं, हा पत्ता घरगुती ग्राहकांना दिलेल्या पत्त्यांपैकीं असल्यामुळें येथून टपाल स्वीकारलें जात नाहीं. मुदत टळली, काम दुसऱ्याकडे गेलें. तो मला म्हणाला, "सर, मीं कोणता गुन्हा केला?" त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

ईमेलच्या दळणवळणाची जी नियमावली आजही पायाभूत आहे, ती जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९८२ सालीं लिहिली. तिच्याप्रमाणें कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकास थेट पत्र देऊं शकत असे, आणि घेणारा "आपण कोण?" असें विचारीत नसे. जाळें लहान होतें. त्यावर विद्यापीठें आणि प्रयोगशाळा यांचीच वस्ती होती. आपल्या देशांतही १९८६-८७ च्या सुमारास मुंबईंतील एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून ईमेल सुरूं झाली, तेव्हां दोन्ही टोकांस संशोधकच होते. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. जगभर असेंच झालें, आणि दार सताड उघडलें म्हणजे पाहुण्यांबरोबर भामटेही आंत शिरतात.

या भामट्यांनीं अशी युक्ति काढली कीं, स्वतःच्या नांवानें कांहींच पाठवावयाचें नाहीं. निरुपद्रवी गृहस्थाच्या संगणकांत चोरवाटेनें एक प्रोग्रॅम शिरवावयाचा, आणि घरधनी झोपेंत असतां त्याच्या जोडणीवरून हजारों फसवीं पत्रें सोडावयाचीं. मार्च २०११ मध्यें मायक्रोसॉफ्टनें न्यायालयाच्या आदेशानें रस्टॉक नांवाचें असें एक जाळें मोडून काढलें, तेव्हां त्याच्या कह्यांत सुमारें दहा लाख संगणक असावेत असा अंदाज होता. शिवाय घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा कायमचा नसतो. आज जो माझा, तो उद्यां शेजाऱ्याचा. कित्येक ठिकाणीं तर एकाच पत्त्यामागें अनेक घरें नांदतात. तेव्हां चोर कोण आणि साव कोण, हें घेणाऱ्यानें ओळखावें कसें? म्हणून एक सर्व्हर दुसऱ्यास ज्या मार्गानें टपाल देतो, तो पंचविसाव्या क्रमांकाचा पोर्ट पुष्कळ इंटरनेट कंपन्यांनीं घरगुती ग्राहकांपुरता बंद केला. स्पॅमहाऊस या संस्थेनें तर अशा पत्त्यांची पीबीएल नांवाची यादीच केली. ती गुन्हेगारांची यादी नव्हे. 'या पत्त्यांवरून थेट टपाल येणें अपेक्षित नाहीं,' एवढेंच ती सांगते.

यांतील तर्क समजण्यासाठीं आपल्या बारवी धरणाकडे पाहावें. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाचें पाणी जांभूळ येथें शुद्ध होऊन नळानें उल्हासनगरांत आणि दूरदूरच्या कारखान्यांत जातें. एखादा गृहस्थ म्हणाला, "माझ्या विहिरीचें पाणी स्फटिकासारखें आहे, तें मी तुमच्या नळांत सोडतों," तर त्यास कोणी परवानगी देणार नाहीं, आणि तें योग्यच होय. एका विहिरीच्या दोषानें हजारों घरांत रोग शिरेल. घरोघरच्या विहिरी रोज कोण तपासणार?

परंतु हा दृष्टान्त येथेंच थांबवावा लागतो. पाण्यावर सही करतां येत नाहीं. पत्रावर करतां येते. आज डोमेनचा मालक आपल्या प्रत्येक पत्रावर डीकेआयएम नांवाची संगणकीय मुद्रा उमटवूं शकतो, आणि आपलें टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघेल हें एसपीएफ या नोंदीनें जाहीर करूं शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं अशा खुणा सर्व प्रेषकांकडून मागण्यास आरंभ केला. सही चोरही करील, हें खरें. पण सहीमुळें चोराचें डोमेन तरी कळतें, आणि शिक्षा त्याच्या साऱ्या आळीला न होतां त्याला एकट्याला करतां येते.

पत्त्यावरून माणसाची पारख होण्याचें दुःख उल्हासनगरला नवें नाहीं. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून उभें राहिलेलें, १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालेलें तें शहर मेहनतीनें उद्योगाला लागलें. परंतु 'उल्हासनगरचा माल म्हणजे नक्कल' हा शेरा अस्सल माल करणाऱ्यालाही चिकटला. घरगुती सर्व्हरची अवस्था नेमकी हीच आहे.

माझ्या विद्यार्थ्यापुढें दोन वाटा होत्या. एक, इंटरनेट कंपनीकडून कायमचा पत्ता व त्यावर आपल्या डोमेनची उलट नोंद करून घ्यावयाची, आणि तेवढा एक पत्ता यादींतून काढण्याची विनंति करावयाची. अशी सोय पीबीएलमध्यें आहे. दुसरी, जाणारें टपाल संकेतशब्द देऊन ५८७ क्रमांकाच्या पोर्टानें एखाद्या टपाल-कंपनीच्या स्वाधीन करावयाचें. ही पद्धत १९९८ सालीं नियमबद्ध झाली. त्यानें दुसरी वाट धरली. पत्रें आतां पोंचतात. "पण सर," तो म्हणाला, "पेटी माझी, आणि किल्ली त्यांची!"

श्रोतेहो, या एका वाक्यांत खरा धोका सांगितला आहे. दार राखणारे थोडे आणि बलाढ्य असले, आणि टपाल वाहणारेही तेच असले, म्हणजे बंदोबस्त आणि मक्तेदारी यांतील सीमा पुसट होते. बंदोबस्त हवाच, तो नसता तर आपल्या पेट्या कचऱ्यानें भरून वाहिल्या असत्या. परंतु पहारेकऱ्यानें तीन गोष्टी पाळाव्यात. पत्र नाकारावयाचें तर उघड नाकारावें. गुपचूप अडगळींत टाकूं नये. नकाराचें कारण समजेल अशा भाषेंत द्यावें. आणि जो आपली ओळख पटवूं शकतो, त्याचें म्हणणें ठराविक मुदतींत एखाद्या माणसानें ऐकावें. नागरिकाच्या पत्रव्यवहाराचा हक्क याहून अधिक कांहीं मागत नाहीं, आणि याहून कमींत त्याचें भागतही नाहीं.